बरोबरीचा फैसला

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन उमेदवारांना समसमान मते पडली म्हणजे निवडणूक निर्णय अधिकारी दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्या करवितो, त्या एखाद्या भांड्यात टाकवितो आणि बहुधा एखाद्या लहान मुलाच्या हातून त्यांतील एक उचलून त्या जागेच्या पाच वर्षांच्या कारभाराचा निकाल लावतो, हे आमच्या ताडकळससारख्या गावात कोणासही नव्याने सांगावे लागत नाही. लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुकांसाठीही १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात हीच तरतूद असून, चिठ्ठी ज्याच्या नावाने निघेल त्याला एक मत जादा मिळाले असे समजावे, असा त्या कायद्याचा हुकूम आहे. आणि २०१७ साली मुंबई महानगरपालिकेच्या एका प्रभागाचा निकाल याच रीतीने लागल्याचे सर्व महाराष्ट्राने पाहिले. परंतु त्याच गावाच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरला आणि दोन तोलामोलाचे मल्ल अर्धा तास झुंजूनही कोणी कोणास चीत करू शकला नाही, तर पंच चिठ्ठी टाकीत नाहीत. कुस्ती बरोबरीत सोडवून इनाम दोघांत वाटून देतात, आणि तसे करण्यात कोणाचाही मानभंग झाला असे प्रेक्षकांना वाटत नाही.

एकाच गावात बरोबरी सोडविण्याच्या या दोन रीती सुखाने नांदतात, कारण सरपंचपदाची वा सदस्याची खुर्ची एक असते व इनामाचे पैसे मात्र वाटता येतात. मग अजिंक्यपदाचे काय? ते खुर्चीसारखे अविभाज्य आहे की इनामासारखे विभाज्य? आणि जर ते अविभाज्यच मानायचे, व चिठ्ठीवर सोपविणे खेळाच्या धर्मास विरुद्ध म्हणून दोघांना पुन्हा खेळवायचे, तर किती वेळ खेळवावे म्हणजे न्याय झाला असे म्हणता येईल? या प्रश्नाचा जितका दीर्घ आणि जितका चिकाटीचा विचार गोल्फ या खेळाने केला आहे, तितका अन्य कोणत्याही खेळाने क्वचितच केला असेल. महाराष्ट्राच्या एका कन्येने २०२५ साली बुद्धिबळाचा महिला विश्वचषक ज्या लढतीत जिंकला, त्या लढतीचे मर्मही याच प्रश्नात आहे.

वाटून घ्यावे की झुंजावे?

१ ऑगस्ट २०२१ या एकाच दिवशी तोक्यो ऑलिंपिकमध्ये या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे देण्यात आली. पुरुषांच्या उंच उडीत कतारचा मुताझ बर्शीम आणि इटलीचा जानमार्को तांबेरी यांनी २.३७ मीटरपर्यंतची प्रत्येक उंची पहिल्याच प्रयत्नात ओलांडली आणि २.३९ मीटरवर दोघेही तीनदा अपयशी ठरले. कमी चुका करणारा वरचढ ठरवावा हा त्या खेळातील नेहमीचा उपाय असला, तरी दोघांच्याही नावे तोवर एकही चूक नसल्याने तो येथे निरुपयोगी ठरला. अधिकाऱ्याने जादा उड्यांचा प्रस्ताव मांडला तेव्हा बर्शीमने दोन सुवर्णपदके देता येतील काय असे विचारले, नियमात तशी मुभा होती, आणि दोन मित्र सुवर्णपदकाचे समान धनी झाले.

त्याच दिवशी गोल्फच्या मैदानावर, जेथे पुण्याचा उदयन माने आणि पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी हे भारताच्या वतीने खेळत होते, कांस्यपदकासाठी एक नव्हे, दोन नव्हे, तर सात खेळाडू समसमान ठरले. तेथे मात्र पदक वाटून देण्याचा विचारसुद्धा झाला नाही. त्या सातांत रोरी मॅकिलरॉय होता, कॉलिन मोरिकावा होता, यजमान जपानचा हिदेकी मात्सुयामा होता. सर्वांना पुन्हा मैदानात उतरविण्यात आले आणि चौथ्या जादा ‘होल’वर, म्हणजे मैदानाच्या जादा खेळलेल्या चौथ्या पट्ट्यावर, तैवानच्या सी. टी. पानने मोरिकावाला मागे टाकून ते एकमेव पदक मिळविले. उंच उडी वाटणीस राजी झाली व गोल्फ झाला नाही, यात एकाचे औदार्य व दुसऱ्याचा लोभ पाहणे अन्यायाचे होईल. उडी मारणाऱ्याचे पाय प्रत्येक उडीगणिक थकतात व पुढील उड्या त्याच्या खऱ्या सामर्थ्याच्या खालीच पडतात. गोल्फपटू मात्र बहात्तर होल खेळून झाल्यावरही त्र्याहत्तरावा होल जवळजवळ त्याच कौशल्याने खेळू शकतो. म्हणून तेथे पुन्हा खेळविणे सार्थ ठरते.

दोनशे सत्त्याहत्तर फटके, आणि तरीही बरोबरी

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी त्याचा तपशील थोडक्यात सांगतो. मुंबईत १८४२ साली गोल्फ क्लब स्थापन झाला असला, तरी मराठवाड्याच्या खेड्यांपर्यंत हा खेळ पोहोचलेला नाही. विस्तीर्ण हिरवळीवर अठरा ठिकाणी छोटी भोके केलेली असतात. प्रत्येकाच्या आरंभस्थानापासून भोकापर्यंतच्या साऱ्या पट्ट्यालाच ‘होल’ म्हणतात, आणि हे अंतर कधी दीडशे मीटर, तर कधी पाचशे मीटरांहूनही अधिक असते. चेंडू काठीने मारीत कमीत कमी फटक्यांत भोकात घालावयाचा, एवढाच खेळ. प्रत्येक होलसाठी कुशल खेळाडूला किती फटके लागावेत याचे एक प्रमाण ठरलेले असते, त्यास ‘पार’ म्हणतात; त्याहून एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’. मोठ्या स्पर्धेत गुरुवार ते रविवार रोज अठरा याप्रमाणे बहात्तर होल खेळले जातात, आणि ज्याच्या फटक्यांची एकूण बेरीज सर्वांत कमी तो विजेता.

चार दिवस, बहात्तर होल आणि पावणेतीनशेच्या आसपास फटके, इतका लांबलचक हिशोब मांडल्यावर दोघांची बेरीज नेमकी सारखी यावी हे प्रथमदर्शनी अशक्यप्राय वाटते. परंतु फटके हे पूर्णांकातच मोजले जातात, आणि जगातील उत्तमोत्तम खेळाडूंच्या बेरजा एका अरुंद पट्ट्यातच दाटीने पडतात. चार दिवसांनंतर अग्रभागी असलेल्या आठ-दहा जणांत अनेकदा चार-पाच फटक्यांचेच अंतर उरते. मग सर्वांत वरच्या पायरीवर दोघे एकत्र उभे राहणे आश्चर्याचे नाही. १३ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेतील ऑगस्टा येथे मास्टर्स स्पर्धेचा चौथा दिवस संपला तेव्हा मॅकिलरॉय व जस्टिन रोज या दोघांचेही फटके २७७ भरले होते. मॅकिलरॉयने शेवटच्या होलवर एक छोटा फटका चुकविला नसता तर ही वेळ आली नसती. पण तो चुकला, दोघांना अठराव्या होलवर परत पाठविण्यात आले, तेथे मॅकिलरॉयने बर्डी केली व रोजला ती साधली नाही. चार दिवसांची तुल्यबळ लढत एका होलात संपली, आणि गोल्फची चारही प्रमुख अजिंक्यपदे कारकिर्दीत जिंकणारा इतिहासातील सहावा खेळाडू मॅकिलरॉय ठरला.

दिवसभराच्या लढतीपासून एका होलपर्यंत

हे एका होलात संपणे गोल्फच्या जुन्या शिरस्त्यास धरून नव्हते. ब्रिटनची ओपन स्पर्धा १८६० पासून चालत आली आहे. १८७६ साली सेंट अँड्र्यूज येथे बॉब मार्टिन व डेव्ही स्ट्रॅथ यांची बरोबरी झाली, तेव्हा स्ट्रॅथच्या एका फटक्याविरुद्ध तक्रार दाखल झालेली होती. पंचांनी तिचा निकाल तहकूब ठेवून आधी जादा लढत खेळा असे फर्माविले, आणि तक्रारीचा निवाडा आधी व्हावा असा आग्रह धरून स्ट्रॅथने खेळण्यासच नकार दिला. मार्टिनला प्रतिस्पर्ध्यावाचून अजिंक्यपद मिळाले. माझ्या मते स्ट्रॅथचा आग्रह रास्त होता. ज्या बेरजेवर बरोबरी उभी आहे तीच वादग्रस्त असेल, तर पुढची लढत कशाच्या पायावर खेळावयाची? त्यानंतर सात वर्षांनी, १८८३ साली, मसलबरा येथे विली फर्नी व बॉब फर्ग्युसन हे समान ठरले, छत्तीस होल पुन्हा खेळले, आणि फर्नी एका फटक्याने जिंकला. मूळ स्पर्धाच त्या काळी छत्तीस होलची असल्याने, जादा लढत ही अख्ख्या स्पर्धेएवढी लांब होती हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

अमेरिकेची यूएस ओपन स्पर्धा या बाबतीत सर्वांत कर्मठ राहिली. १९१३ साली ब्रुकलाइन येथे फ्रान्सिस विमेट हा वीस वर्षांचा हौशी खेळाडू, ज्याने लहानपणी त्याच मैदानावर इतरांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहिल्या होत्या, तो हॅरी व्हार्डन व टेड रे या दोन नामांकित इंग्रज व्यावसायिकांच्या बरोबरीस आला. दुसऱ्या दिवशी अठरा होलची जादा लढत झाली. विमेटने ७२ फटके घेतले, व्हार्डनने ७७ आणि रेने ७८. हा निकाल एका होलवर लागता तर तो अपघात म्हणून विसरला गेला असता. अठरा होलात पाच फटक्यांनी मिळविलेल्या त्या विजयास दैवयोग म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही, आणि अमेरिकेत गोल्फचा प्रसार झाला त्यात या एका दिवसाचा वाटा मोठा आहे. १९३१ साली तर बिली बर्क व जॉर्ज व्हॉन एल्म हे बहात्तर होलनंतर समान, छत्तीस जादा होलनंतर पुन्हा समान, आणि आणखी छत्तीस होलनंतर बर्क एका फटक्याने पुढे, अशी ही लढत जुलैच्या उन्हात एकूण १४४ होलपर्यंत चालली. एका स्पर्धेच्या निकालासाठी दोन स्पर्धांचे श्रम खर्ची पडले.

ही प्रथा मोडली ती न्यायाच्या विचाराने नव्हे, तर सोयीच्या. जादा लढत सोमवारी घ्यावी लागे. रविवारी लोटलेली गर्दी सोमवारी आपापल्या कामावर रुजू झालेली असे, स्वयंसेवक व पंच यांची मुदत संपलेली असे, आणि दूरचित्रवाणीला रविवारी संध्याकाळीच निकाल हवा असे. मास्टर्सने ‘सडन डेथ’ ही रीत स्वीकारली, म्हणजे एकेक होल खेळावयाचा आणि ज्या होलवर फरक पडेल तेथेच निकाल; १९७९ साली फझी झोलर तिच्यामुळे विजयी झालेला पहिला मानकरी. ओपनने चार होलची बेरीज पाहण्याचा मध्यम मार्ग धरला, आणि १९८९ साली तो प्रथम वापरला गेला. यूएस ओपनने मात्र अठरा होल सोडले नाहीत. २००८ साली टोरी पाइन्स येथे डाव्या पायाच्या हाडास तडे गेलेले असताना खेळणारा टायगर वूड्स आणि रॉको मीडिएट हे सोमवारी पुन्हा अठरा होल खेळले, दोघांचेही ७१ फटके झाले, आणि एकूण एक्क्याण्णवाव्या होलवर वूड्स विजयी झाला. त्या स्पर्धेत अठरा होलची जादा लढत झाली ती तेव्हाच शेवटची. २०१८ साली तेथेही नियम बदलून दोन होलची बेरीज आली.

चौकट : चार प्रमुख स्पर्धांचे आजचे नियम

मास्टर्स (एप्रिल) : एकेक होल, फरक पडताच निकाल.
पीजीए अजिंक्यपद (मे) : तीन होलच्या फटक्यांची बेरीज, २००० साली प्रथम वापर.
यूएस ओपन (जून) : दोन होलची बेरीज; २०१८ पासून.
ओपन (जुलै) : तीन होलची बेरीज, २०१९ पासून, त्यापूर्वी चार.
बेरजेनंतरही बरोबरी राहिल्यास शेवटच्या तिन्ही स्पर्धांत पुढे एकेक होल खेळवून निकाल लावतात.

मूठभर दाण्यांचा हिशोब

लढत लहान केल्याने न्यायात नेमकी किती घट होते? परभणीच्या मोंढ्यात आडत्या सोयाबीनच्या पोत्यातून मूठभर दाणे काढून मालाची प्रत ठरवितो; एकच दाणा पाहून भाव बोलणाऱ्याची फसगत होईल हे शेतकरी व व्यापारी दोघेही जाणतात, कारण दाण्या-दाण्यांत फरक असतो व तो फरक पुष्कळ दाणे एकत्र पाहिल्यावरच सरासरीत विरतो. एकेक होल म्हणजे एकेक दाणा. आता प्रश्न एवढाच की मूठ केवढी असावी.

असे मानून चालू की दोन खेळाडूंपैकी एक किंचित सरस आहे. शंभर होल खेळले तर २५ तो जिंकतो, २० दुसरा जिंकतो आणि ५५ होलवर दोघांचे फटके सारखे पडतात. जेथे फरक पडतो तेथे तो एकाच फटक्याचा असतो असेही धरू. एकेक होलची लढत खेळविली, तर समान गेलेले होल निकालात धरले जात नाहीत व उरते ते २५ विरुद्ध २० हे प्रमाण. म्हणजे सरस खेळाडू शंभरांतून सुमारे ५६ वेळा जिंकेल आणि ४४ वेळा हरेल. नाणे उडविले असते तर तो ५० वेळा जिंकला असता.

आता तीन होलची बेरीज घेऊ आणि तीही सारखी आली तर पुढे एकेक होल. गणित केले असता हे ५६ चे ५७ होतात, अधिक काही नाही. मला स्वतःला हा हिशोब मांडताना याच आकड्याने सर्वांत जास्त थांबविले. कारण तीन होलच्या बेरजेची पद्धत एका होलच्या पद्धतीहून पुष्कळ न्याय्य आहे असा सर्वसाधारण समज आहे, आणि हिशोबात तो फरक शेकडा एकाचा निघतो. अठरा होल खेळविले तर आकडा ६३ वर जातो. १९३१ प्रमाणे बहात्तर होल पुन्हा खेळविले तर सुमारे ७४ वर. म्हणजे चार दिवस नव्याने झुंजवूनसुद्धा शंभरांतून २६ वेळा किंचित उणा असलेला खेळाडूच जिंकणार! दोन बलाढ्यांतील सूक्ष्म अंतर मोजावयास कोणतीही व्यवहार्य लढत पुरेशी लांब नसते. तीन होल खेळविण्याचा खरा लाभ निराळा आहे : एका वाईट उसळीने किंवा एका वाऱ्याच्या झोताने सर्वस्व जात नाही, चुकलेल्याला सावरण्यास वाव मिळतो, आणि हरणाऱ्याच्या मनाला तो निकाल मान्य होण्याची शक्यता वाढते. हा लाभ गणितात दिसत नसला तरी क्षुल्लक नव्हे.

आपल्या देशातील एक दाखला येथे बोलका आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर इंडियन ओपनच्या शेवटच्या दिवसाच्या आरंभी अनिर्बन लाहिरी सात फटक्यांनी मागे होता. त्याने ती पिछाडी भरून काढून एस. एस. पी. चौरासियाला गाठले आणि पहिल्याच जादा होलवर बर्डी करून अजिंक्यपद घेतले. चौरासिया त्या एका होलमुळे उणा ठरला काय? पुढील वर्षी तीच स्पर्धा त्याने जिंकली, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. लाहिरीचा विजय यामुळे तिळमात्र कमी होत नाही; त्या एका होलने सांगितले ते फक्त त्या संध्याकाळचे.

नागपूरची दिव्या आणि बाटुमीचा तिसरा दिवस

गोल्फमध्ये जादा लढत लहान होते, पण खेळ तोच राहतो. तीच काठी, तोच चेंडू, तेच भोक. बुद्धिबळात मात्र लढत लहान करण्यासाठी घड्याळालाच हात घालावा लागतो, आणि घड्याळ बदलले की खेळाचा स्वभाव बदलतो. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी या शहरी महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि आंध्रची अडतीस वर्षांची कोनेरू हम्पी समोरासमोर आल्या. दिव्याचा जन्म २००५ चा. हम्पी ग्रँडमास्टर झाली ती २००२ साली.

पारंपरिक पद्धतीचे दोन डाव प्रथम खेळावयाचे होते. त्यांत पहिल्या चाळीस खेळ्यांसाठी प्रत्येकीला ९० मिनिटे, पुढे आणखी ३० मिनिटे, आणि पहिल्या खेळीपासून प्रत्येक खेळीमागे ३० सेकंदांची भर. इतक्या वेळात मनुष्य पर्याय तपासू शकतो, चुकीची शंका आल्यास थांबू शकतो, प्रतिपक्षाच्या हेतूचा मागोवा घेऊ शकतो. दोन्ही डाव बरोबरीत सुटले. म्हणून २८ जुलैला टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीच्या डावांची मालिका. ही मालिका जिन्यासारखी उतरत जाते : आधी प्रत्येकी १५ मिनिटांचे दोन जलद डाव, त्यातही बरोबरी राहिली तर १० मिनिटांचे दोन, मग ५ मिनिटांचे दोन, आणि शेवटी ३ मिनिटांचे डाव, कोणी तरी एक जिंकेपर्यंत. खेळीमागे मिळणारी सेकंदांची भरही पुढे पुढे आक्रसत जाते.

वेळ असा घटला की परीक्षा कशाची होते, हे समजून घेतले पाहिजे. दीर्घ डावात गणना आणि धीर यांचा कस लागतो. पंधरा मिनिटांच्या डावात गणना पुरी होत नाही, म्हणून अनुभवाने अंगी मुरलेली आकृत्यांची ओळख उपयोगी पडते, म्हणजे पटावरील मांडणी पाहताच कोणती खेळी चांगली असावी हे विचारापूर्वीच सुचणे. या कलेत हम्पीचा अधिकार निर्विवाद होता. जलद बुद्धिबळाचे जागतिक अजिंक्यपद तिने २०१९ साली आणि पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे या लढतीच्या अवघ्या सात महिने आधी मिळविले होते. तेव्हा दोन पारंपरिक डाव बरोबरीत सुटताच लढत हम्पीच्या अंगणात आली, असेच कोणाही जाणकाराने म्हटले असते.

परंतु दिव्या या जिन्यावरून नुकतीच दोनदा उतरून आली होती. याच स्पर्धेत चीनच्या झू जिनेरला तिने टायब्रेकमध्येच हरविले होते, उपांत्यपूर्व फेरीत द्रोणावल्ली हरिकालाही टायब्रेकमध्येच. उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी हिला मात्र पारंपरिक डावांत. अंतिम फेरीचा पहिला जलद डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती, म्हणजे पहिली खेळी प्रतिपक्षाची व त्याबरोबर येणारा थोडासा लाभही प्रतिपक्षाचाच. डाव लांबला, पटावर मोहरी थोडी उरली, दोघींच्या घड्याळांतील मिनिटे संपत आली, आणि त्या घाईत हम्पीच्या हातून चुका झाल्या. दिव्यानेही त्या डावात सर्व खेळ्या बिनचूक केल्या असे नाही. पण अखेरची चूक तिची नव्हती, आणि अल्पवेळेच्या डावात तेवढेच निर्णायक असते.

एकंदर गुण २.५ विरुद्ध १.५ झाले. ग्रँडमास्टर होण्यासाठी सामान्यतः निरनिराळ्या स्पर्धांतून ठराविक दर्जाच्या तीन कामगिऱ्या, ज्यांना नॉर्म म्हणतात, गाठीस बांधाव्या लागतात. दिव्याजवळ स्पर्धेच्या आरंभी एकही नव्हता. विश्वचषकाच्या विजेतीस हा किताब थेट देण्याचा नियम असल्याने ती त्याच दिवशी भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली, आणि हम्पी, हरिका व वैशाली यांच्यानंतरची चौथी भारतीय महिला. एका जलद डावावर इतके सारे अवलंबून असावे काय, असा प्रश्न विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की तो डाव एकटा नव्हता. त्याच्या मागे तीन आठवड्यांचे, फेरीमागून फेरी टिकून राहण्याचे श्रम होते, आणि त्या जिन्याच्या पायऱ्या दोघींनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होत्या. गोल्फच्या एका होलपेक्षा ही रीत मला अधिक समंजस वाटते, कारण ती एकदम कडेलोट न करता वेळ टप्प्याटप्प्याने कमी करते आणि दोन-दोन डावांच्या प्रत्येक टप्प्यावर दोघींना पांढरी व काळी मोहरी एकेकदा देते. १० मिनिटांच्या, ५ मिनिटांच्या आणि ३ मिनिटांच्या डावांची तजवीज नियमात होती. २८ जुलैला त्यांची गरज पडली नाही.